विभेदी दंतचक्रमाला, मोटारगाडीची : झीज व दुरुस्ती

मोटारगाडी वळण घेत असताना एकाच आसावरील दोन चालक चाकांना वेगवेगळ्या गतींनी फिरू देणारी व त्याच वेळी दोन्ही चाकांकडे एंजिनाची शक्ती पोहोचविणारी दंतचक्रांची योजना म्हणजे विभेदी दंतचक्रमाला होय. कारखान्यांत व बाजारात तिला ‘डिफरन्शियल’ असेच म्हणतात. मागील चाकांना चालना देणाऱ्या गाड्यांत ती मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या फुगीर पेटीत बसविलेली असते. गाडीच्या इतर पुष्कळ भागांच्या मानाने ही यंत्रणा दीर्घायुषी आहे. तथापि तिचे भाग परस्परांपासून अत्यंत काटेकोर अंतरे राखून काम करीत असल्यामुळे तिची दुरुस्ती म्हणजे केवळ झिजलेला भाग काढून नवा बसविणे नव्हे. ती मुख्यत्वे ही अंतरे पुन्हा जुळविण्याची क्रिया आहे. ज्या जुन्या क्रीडा मोटारगाड्यांचे उत्पादन अनेक वर्षांपूर्वी थांबले, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. कारण चुकीच्या हाताळणीने मूळ दंतचक्रांची जोडी एकदा बिघडली की, तशीच दुसरी मिळेल याची शाश्वती नसते. प्रस्तुत नोंदीत या यंत्रणेची रचना, तिची झीज, दोषनिदान व दुरुस्ती यांची माहिती दिली आहे.

कार्य व रचना : गाडी वळताना बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.२५ मी. असेल, तर गाडीने एक पूर्ण वर्तुळ काटले असता बाहेरील चाक आतील चाकापेक्षा सु. ७.८५ मी. जास्त चालते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. चाकाचा परिघ १.९ मी. धरला, तर बाहेरील चाकाला सु. चार फेरे अधिक करावे लागतात. दोन्ही चाके एकाच अखंड दंडावर घट्ट बसविली, तर हा फरक चाक घसरूनच भरून काढावा लागेल. परिणामी टायर झिजतील, दंडावर पीळ पडेल व गाडी वळण्यास विरोध करील.

या अडचणीवर पुढील योजना केलेली असते. गिअरपेटीकडून येणाऱ्या लांब चालक दंडाच्या टोकाशी एक लहान दंतचक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. ते क्राउन या मोठ्या दंतचक्राला फिरविते. या जोडीमुळे गतीची दिशा काटकोनात वळते आणि वेग घटून पीडन परिबल वाढते. क्राउन एका पिंजऱ्याला स्क्रूंनी जखडलेले असते. पिंजऱ्यात एका आडव्या खिळीवर दोन लहान ग्रह दंतचक्रे मोकळी फिरतात व ती दोन बाजूंच्या सूर्य दंतचक्रांशी गुंतलेली असतात. प्रत्येक सूर्य दंतचक्राच्या मध्यातील खाचांत चाकाकडे जाणाऱ्या अर्ध-आसाचे टोक बसते. गाडी सरळ जात असताना ग्रह दंतचक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत. संपूर्ण पिंजरा एकसंध फिरतो. वळणावर मात्र ती स्वतःभोवती फिरू लागतात व एका चाकाचा वेग जितका कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो. दोन्ही चाकांच्या वेगांची बेरीज पिंजऱ्याच्या वेगाच्या नेहमीच दुप्पट असते. ग्रह व सूर्य दंतचक्रांच्या पाठीमागे घर्षण सोसण्यासाठी पातळ दाबचकत्या घातलेल्या असतात. पिनियनचा दंड व पिंजरा हे दोन्ही निमुळत्या रुळांच्या धारव्यांवर फिरतात [→ धारवा].

क्राउन व पिनियन यांच्या दात्यांचे प्रमाण गाडीच्या कामानुसार ठरवितात. एमजीबी या ब्रिटिश क्रीडा गाडीत (१९६२–८०) ते ४३ व ११ म्हणजे ३.९०९ : १ आहे. विलीज सीजे-३बी या जीपमध्ये ते ४३ व ८ म्हणजे सु. ५.३८ : १ आहे. जीपला ओढण्याची ताकद हवी असते, तर क्रीडा गाडीला वेग. एमजीबीच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनाचे सु. १४९ न्यूटन-मीटर एवढे कमाल पीडन परिबल पहिल्या गिअरच्या ३.४४ व अंतिम जोडीच्या ३.९०९ या प्रमाणांनी वाढून क्राउनवर सु. २,००० न्यूटन-मीटर होते. एवढा भार कोणत्याही एका क्षणी मोजक्याच दात्यांच्या काही चौरस मिलिमीटर पृष्ठावर पेलला जातो, हे ध्यानात घेतले असता दात्यांचा स्पर्श नेमका कोठे होतो याला इतके महत्त्व का, ते स्पष्ट होते.

इतिहास : वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी अशा योजनेचे पेटंट ओनेझीफॉर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ मध्ये घेतले. मोटारगाड्यांत प्रारंभी सरळ दात्यांची शंक्वाकार दंतचक्रे वापरीत. ती फार आवाज करीत. पुढे सर्पिल दाते आले. त्यानंतर पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली उतरविलेली हायपॉइड प्रकारची जोडी प्रचारात आली. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९२६ मध्ये तिचा वापर केला. या रचनेमुळे चालक दंड खाली येतो, गाडीचा तळ उतरविता येतो व पिनियन मोठे आणि बळकट करता येते. बुटक्या क्रीडा गाड्यांना हा लाभ मोठाच होता. मात्र हायपॉइड दाते एकमेकांवर लोळण्याबरोबरच लांबीच्या दिशेने घसरतातही. त्यामुळे साधे तेल त्यांच्यामध्ये टिकत नाही. उच्च दाब सोसणारी रासायनिक द्रव्ये मिसळलेले खास वंगण त्यांना लागते [→ वंगणक्रिया].

साध्या विभेदी मालेत एक अंगभूत उणीव आहे. ती दोन्ही चाकांना सारखेच पीडन परिबल देते. म्हणून एक चाक निसरड्या जागी आले की, ते जागच्या जागी गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरील दुसरे चाक स्वस्थ राहते. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यासारख्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात पावसाळ्यात शेतरस्त्यावर रुतलेल्या वाहनाचे एकच चाक चिखल उडवीत असल्याचे दृश्य परिचित आहे. त्याचे कारण हेच होय. ट्रॅक्टरमध्ये यावर उपाय म्हणून चालकाने पायाने दाबावयाचे कुलूप असते व त्यामुळे दोन्ही अर्ध-आस तात्पुरते एकत्र जखडले जातात. क्रीडा गाड्यांत वेगाने वळताना आतील चाक हलके होऊन घसरू लागते. तेथे पूर्ण कुलपाऐवजी घर्षण चकत्यांच्या साह्याने घसरणीला मर्यादा घालणारी विभेदी माला वापरतात. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइप या गाडीत अशीच माला होती.

महाराष्ट्रातील गाड्या : स्वातंत्र्योत्तर काळात मोटारगाड्यांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. त्यामुळे येथे आलेल्या एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार इ. क्रीडा गाड्या मालकांना बाहेरील सुट्या भागांविना चालू ठेवाव्या लागल्या व भाग बदलण्यापेक्षा तो दुरुस्त करण्याची परंपरा निर्माण झाली. या परंपरेला आधार होता तो देशी बनावटीच्या गाड्यांचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या तयार झाल्या. या गाड्यांत एंजिन पुढे, चालना मागील चाकांना व मागील अखंड आस पट्टीस्प्रिंगांवर टेकलेला अशीच रचना होती. म्हणजे मागील आसापुरती ती समकालीन एमजी गाडीची आप्तच होती. महिंद्र कंपनीच्या जीपगाड्यांनी हीच विद्या जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. मद्रास येथे १९६१ पासून तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्ड या गाडीत मात्र विभेदी माला सांगाड्याला जखडलेली असून अर्ध-आस तिच्या दोन बाजूंना हलते होते. ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२) ही क्रीडा गाडी हेरल्डच्याच सांगाड्यावरून विकसित झालेली असल्यामुळे दोहोंच्या मागील भागांत जवळचे साम्य आहे.

मुंबईत पद्मिनी गाडीची टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सी रस्त्यावरून नाहीशा झाल्या. हजारो टॅक्सींची रोजची दुरुस्ती हे मागील आसाचे काम शिकण्याचे मोठे विद्यालय होते. दरम्यान बहुसंख्य लहान मोटारगाड्यांत पुढील चाकांना चालना देण्याची पद्धत रूढ झाली असून त्यांत विभेदी माला गिअरपेटीतच सामावलेली असते. यामुळे क्राउन व पिनियन हाताने जुळविण्याचे कौशल्य आता मुख्यतः जीप, मालमोटारी व ट्रॅक्टर यांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडे उरले आहे. जुन्या गाड्यांच्या जतनाला मात्र कायद्याने मान्यता मिळाली आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खाजगी वाहनांना, त्यांचा सांगाडा, साटा व एंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसल्यास, जुने व ऐतिहासिक वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली जाते.

झीज : विभेदी मालेतील झीज चार ठिकाणी होते. (१) ग्रह व सूर्य दंतचक्रांमागील दाबचकत्या आणि ग्रह दंतचक्रांची खिळी. एमजीबी गाडीत ग्रह दंतचक्रांमागे तांब्याच्या खोलगट चकत्या, तर सूर्य दंतचक्रांमागे तंतुयुक्त पदार्थाच्या चकत्या असतात. या मऊ चकत्या सर्वांत आधी झिजतात व झिजणे हेच त्यांचे काम आहे. (२) धारवे. त्यांचे रूळ व कडी यांवर खड्डे पडतात, पूर्वदाब नाहीसा होतो आणि पिनियन पुढेमागे हलू लागते. (३) क्राउन व पिनियन यांचे दाते. त्यांच्या पृष्ठाला कार्बन मुरवून सु. एक मिमी. खोलीपर्यंत कठीण केलेले असते व गाभा चिवट ठेवलेला असतो. कठीण थर फुटला की, झीज झपाट्याने वाढते. (४) अर्ध-आसांच्या खाचा व तेलसील. चाकांना तारांच्या आऱ्या असलेल्या क्रीडा गाड्यांत चाकाच्या तुंब्यावरील खाचाही झिजतात.

झिजेची कारणे बहुधा साधी असतात. पिनियनच्या सीलमधून तेल हळूहळू गळत राहते व पातळी कोणी पाहत नाही. आसपेटीची हवाछिद्रे चिखलाने बुजतात, आत दाब वाढतो व तेल सीलमधून बाहेर पडते. पुराच्या पाण्यातून गाडी गेल्यावर पेटीत पाणी शिरून तेल दुधाळ होते. किंवा पेटीत चुकीच्या प्रतीचे तेल भरलेले असते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत तेलाच्या पातळीवरील भागांना गंज चढतो व गाडी पुन्हा चालविताच गंजाचे कण धारव्यांत जातात. संग्रही ठेवलेल्या गाडीची हानी कधीकधी चालविण्याने नव्हे, तर न चालविण्याने होते.

दोषनिदान : पेटी उघडण्यापूर्वी दोष खरोखर तिच्यातच आहे, याची खात्री करून घेणे हा दुरुस्तीचा पहिला नियम होय. गाडी सुटताना किंवा वेगवर्धकावरील पाय काढताना ‘ठक्’ असा आवाज आला, तर तो विभेदी मालेतील ढिलाईमुळे असू शकतो. परंतु चालक दंडाचे युनिव्हर्सल सांधे, आसाला पट्टीस्प्रिंगांशी बांधणारे यू आकाराचे बोल्ट, स्प्रिंगांच्या रबरी बुशा व चाकांच्या तुंब्यांच्या खाचा यांतूनही तसाच आवाज येतो. हे सर्व आधी तपासणे सोपे व स्वस्त असते. ठरावीक वेगाला येणारा ‘हूंऽऽ’ असा सूर एंजिनाचा भार असतानाच येत असेल, तर क्राउन व पिनियनच्या दात्यांचा स्पर्श बिघडलेला असण्याचा संभव असतो. भार काढताच सूर वाढत असेल, तर पिनियनच्या धारव्यांचा पूर्वदाब गेलेला असू शकतो. भार असो वा नसो, सारखीच घरघर येत असेल व गाडी डावी-उजवीकडे झुलविताच ती बदलत असेल, तर दोष चाकाच्या धारव्यात असतो. रस्त्याचा पृष्ठ बदलताच आवाज बदलला, तर तो टायरांचा होय.

ढिलाई हातानेही पाहता येते. गाडी सपाट जागी ठेवून चाकांना पुढून-मागून अडणी लावावी, गिअर मोकळा ठेवावा व पिनियनला जोडलेली चकती हाताने उलटसुलट फिरवावी. या हालचालीत क्राउन-पिनियनमधील मोकळीक आणि ग्रह-सूर्य दंतचक्रांतील ढिलाई या दोन्हींची बेरीज दिसते. यांपैकी दुसरी अंतिम जोडीच्या प्रमाणाने गुणली जाते. अर्ध-आसापाशी एक अंश एवढी ढिलाई एमजीबीच्या पिनियनपाशी सु. चार अंश दिसते. म्हणून चकती बरीच हलते एवढ्यावरून क्राउन-पिनियन निकामी झाले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. अनेकदा दोष थोड्या पैशांच्या दाबचकत्यांचा असतो.

तेल काढल्यावर त्याचे निरीक्षण करावे. बुचाच्या चुंबकावर राखाडी रंगाचा मऊ लेप आढळणे स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे किंवा सुईसारख्या कपच्या आढळल्यास कठीण थर फुटल्याचे ते चिन्ह होय.

उघडणी : गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी. आसपेटीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एका प्रकारात विभेदी माला पुढील बाजूने संपूर्ण बाहेर काढता येते. दुसऱ्यात पेटीला मागून झाकण असते व माला जागेवरच उघडावी लागते. एमजीबी गाडीत प्रारंभी पहिला व नंतर दुसरा प्रकार वापरण्यात आला. दुसऱ्या प्रकारात दाबचकत्या बदलण्यासाठी क्राउन हलविण्याची गरज नसते; अर्ध-आस थोडे बाहेर ओढून खिळी काढली की, ग्रह व सूर्य दंतचक्रे फिरवून बाहेर घेता येतात. जॅग्वार ई-टाइपमध्ये रोधक चकत्या विभेदी पेटीला लागूनच आहेत. रोधकांच्या उष्णतेने बाजूची तेलसीले कडक होतात व गळणारे तेल रोधक चकत्यांवर उडते. तेथे तेलगळती हा केवळ झिजेचा नव्हे, तर प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी तीन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात : क्राउनची मोकळीक, पिनियन फिरविण्यास लागणारे पीडन परिबल आणि दात्यांवरील स्पर्शाचे चिन्ह. ही मापे पुढे दुसरीकडून मिळत नाहीत. धारव्यांच्या टोप्यांवर डाव्या-उजव्या बाजूंच्या खुणा कराव्यात, कारण पेटी व टोप्या एकत्र ठेवूनच त्यांची भोके कातलेली असतात व अदलाबदल केल्यास ती गोल राहत नाहीत. शिम म्हणजे जाडी मोजून घातलेल्या पातळ पोलादी चकत्या. त्या ज्या बाजूच्या असतील त्या बाजूलाच जपून ठेवाव्यात. क्राउन व पिनियन यांवर जोडीचा सारखा क्रमांक कोरलेला असतो. ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळविलेली असल्यामुळे तिच्यातील एकच चक्र कधीही बदलू नये.

जुळवणी : नव्या धारव्यांसह माला जुळविताना चार मापे क्रमाने साधावी लागतात. पहिले माप पिनियनच्या खोलीचे. पिनियनच्या डोक्यामागील धारव्याखाली योग्य जाडीची शिम घालून ते ठरते. पिनियनच्या टोकावर अधिक वा उणे चिन्हासह कोरलेला आकडा त्या विशिष्ट पिनियनसाठी प्रमाण मापापासूनचा फरक दाखवितो. दुसरे माप पिनियनच्या धारव्यांच्या पूर्वदाबाचे. ५० मिमी. त्रिज्येच्या चकतीभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंग काट्याने ओढताना पिनियन सावकाश फिरण्यास ३० न्यूटन, म्हणजे सु. ३ किग्रॅ. ओढ लागली, तर पीडन परिबल १.५ न्यूटन-मीटर होते. निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी हे ताडून पाहावे. जुने धारवे पुन्हा बसविल्यास पूर्वदाब नव्यांपेक्षा कमी ठेवतात.

अनेक गाड्यांत हा पूर्वदाब दोन धारव्यांमधील चेपणाऱ्या नळीने राखला जातो. नट आवळताना ती थोडी चेपते. एकदा अधिक चेपली की ती परत लांब होत नाही. केवळ तेलसील बदलताना नट अंदाजाने जोरात आवळल्यामुळे चांगले धारवे थोड्याच दिवसांत जळाल्याची उदाहरणे नेहमी आढळतात. मर्यादा ओलांडल्यास नट उलट फिरवून माप साधण्याचा प्रयत्न करू नये. नवी नळीच घालावी.

तिसरे माप पिंजऱ्याच्या दोन बाजूंच्या धारव्यांच्या पूर्वदाबाचे व चौथे क्राउन-पिनियनमधील मोकळिकीचे. एका बाजूची शिम दुसऱ्या बाजूला नेली असता क्राउन पिनियनजवळ किंवा दूर सरकते. एकूण जाडी तीच राहिल्यास धारव्यांचा पूर्वदाब बदलत नाही. मोकळीक डायल गेजने क्राउनच्या परिघावर तीन-चार ठिकाणी मोजावी. मोटारगाड्यांत ती सामान्यतः ०.१० ते ०.२० मिमी. असते. निरनिराळ्या ठिकाणी मापांत बराच फरक आढळल्यास क्राउन वाकडे बसले आहे किंवा त्याच्या बैठकीवर कचरा राहिला आहे, असे समजावे.

अखेरची कसोटी स्पर्शाच्या चिन्हाची. दात्यांना रंगाचा पातळ लेप देऊन क्राउनला किंचित अडवीत पिनियन दोन्ही दिशांना फिरवितात. स्पर्शाचा ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर व लांबीत आतील टोकाकडे किंचित झुकलेला असावा. ठसा दात्याच्या माथ्याकडे गेल्यास पिनियन क्राउनपासून दूर आहे, मुळाकडे गेल्यास ते फार आत आहे. ठसा दात्याच्या आतील टोकाला पडल्यास मोकळीक कमी, बाहेरील टोकाला पडल्यास ती जास्त असते. एक माप बदलले की दुसरेही थोडे बदलते. त्यामुळे माला अनेकदा जोडावी व सोडावी लागते. यात घाई उपयोगी पडत नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वरील मापे नव्या जोडीसाठी आहेत. पुष्कळ चाललेली पण निमूट काम करणारी जुनी जोडी आपल्या मूळ जागी परस्परांना सरावलेली असते. केवळ धारवे बदलताना तिची मोकळीक पुस्तकातील मापाइतकी कमी केली, तर दात्यांचे न झिजलेले भाग समोरासमोर येतात व जी माला आधी शांत होती ती दुरुस्तीनंतर हुंकारू लागते. अशा वेळी उघडण्यापूर्वी नोंदविलेली मोकळीक व ठसा हीच खरी मापे होत. नवा दोष निर्माण न करणे, हा जुन्या यंत्राच्या दुरुस्तीतील विवेक आहे.

भागांची दुरुस्ती : धारवे प्रमाणित मापांचे असल्यामुळे गाडीचा निर्माता नाहीसा झाला तरी त्यांवरील क्रमांकावरून ते बहुधा मिळतात. दाबचकत्या योग्य धातूपासून कातून तयार करता येतात. मात्र जाडी दोन्ही बाजूंना सारखी हवी. खिळी झिजली असल्यास पृष्ठ कठीण करता येणाऱ्या पोलादाची नवी खिळी करून घासून घ्यावी. पिनियनच्या चकतीवर तेलसीलने खोबणी पाडली असल्यास पातळ पोलादी बाही बसविता येते किंवा सील किंचित पुढेमागे बसवून त्याला नवा पृष्ठ देता येतो. धारव्याची बैठक सैल झाल्यास पेटीचे भोक कातून त्यात बाही बसवावी. पंचाने टोचे मारून बैठक घट्ट करण्याची रस्त्यावरची युक्ती फार काळ टिकत नाही व धारव्याचे कडे तिरपे बसविते. तुटलेल्या दात्यावर वितळजोड करून तो घडविण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. उष्णतेने शेजारच्या दात्यांचाही कठीण थर नष्ट होतो आणि असा दाता चालत्या गाडीत तुटल्यास मागील चाके अचानक जखडण्याचा धोका असतो.

दाते फुटले असल्यास नव्या जोडीवाचून गत्यंतर नसते. असे सर्पिल दाते कापण्यास खास यंत्रे लागतात व कापल्यानंतर कठिनीकरण आणि घासून जुळवणी करावी लागते. महाराष्ट्रात मुंब्रा (जि. ठाणे) येथे मोटारींसाठी अशा जोड्या करणारा कारखाना उभा राहिला, परंतु एखाद्या गाडीपुरती एकच जोडी करून घेणे फार खर्चाचे असते. म्हणून एकाच प्रकारच्या गाड्यांचे मालक एकत्र येऊन थोड्या जोड्या करवून घेतात किंवा मोडीत निघालेल्या गाडीतील संपूर्ण माला मिळवितात. दुसऱ्या गाडीची माला घेताना दात्यांचे प्रमाण मोजून घ्यावे. ते निराळे असल्यास वेगदर्शकही चुकीचा वेग दाखवितो.

वंगण व चाचणी : हायपॉइड जोडीला निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे उच्चदाबसह तेलच घालावे. जुन्या गाड्यांत ते बहुधा ९० क्रमांकाच्या दाटपणाचे असते. काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये उच्च तापमानाला तांबे व पितळ यांना खातात, म्हणून तांब्याच्या चकत्या असलेल्या मालेसाठी त्या धातूंना निर्धोक तेल निवडावे. घसरणीला मर्यादा घालणाऱ्या मालेत घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य मिसळलेले तेल लागते. ते नसल्यास वळणावर चकत्या अडखळून थरथर जाणवते. दुरुस्तीनंतर पहिले काही शे किमी. गाडी बेताच्या वेगाने चालवावी, मधूनमधून थांबून आसपेटी हात लावण्याच्या पलीकडे तापत नाही ना हे पाहावे आणि नंतर तेल बदलून त्यातील कणांचे पुन्हा निरीक्षण करावे.

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी जीपचा मागील आस उघडणारा कारागीर आणि मुंबईत एमजी किंवा जॅग्वार गाडीचे जतन करणारा तज्ज्ञ यांचे काम तत्त्वतः एकच आहे. पहिल्याचा कान व हात अनुभवाने तयार झालेले असतात, तर दुसऱ्याकडे मापनाची साधने व निर्मात्याची मापे असतात. कानाने दोष कळतो, पण माप कळत नाही. डायल गेजने माप कळते, पण दोष कोठे शोधावा ते कळत नाही. मागील चाकांना चालना देणाऱ्या लहान गाड्या विरळ होत असताना या दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची लेखी नोंद ठेवणे, प्रत्येक दुरुस्तीत मिळालेली शिम, मोकळीक व पूर्वदाब यांची मापे गाडीच्या कागदपत्रांसोबत जपणे, हाच पुढील दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडणारा वारसा होय.